रोबेर्तो क्लेमेंते

रोबेर्तो एनरिके क्लेमेंते वॉकर (जन्म: १८ ऑगस्ट १९३४, करोलिना, पोर्तो रिको, मृत्यू: ३१ डिसेंबर १९७२, सान हुआनजवळील समुद्रात) हे पोर्तो रिकोचे बेसबॉलपटू होते. अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉल या व्यावसायिक स्पर्धेत ते १९५५ ते १९७२ असे सलग १८ हंगाम पिट्सबर्ग पायरेट्स या एकाच संघाकडून खेळले. उजव्या क्षेत्रातील क्षेत्ररक्षक आणि उजव्या हाताचे फलंदाज म्हणून त्यांची ख्याती होती. १९७२ च्या अखेरीस निकाराग्वात झालेल्या हौशी जागतिक मालिकेत ते पोर्तो रिकोच्या राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक होते. स्पर्धा संपल्यानंतर तीन आठवड्यांच्या आतच निकाराग्वाची राजधानी मानाग्वा भूकंपाने उद्ध्वस्त झाली. तेथील आपद्ग्रस्तांसाठी मदतसामग्री घेऊन जात असताना झालेल्या विमान अपघातात क्लेमेंते यांचा वयाच्या अवघ्या ३८ व्या वर्षी अंत झाला. अमेरिकेच्या बेसबॉल हॉल ऑफ फेममध्ये निवड झालेले ते लॅटिन अमेरिकेत व कॅरिबियन बेटांत जन्मलेले पहिले खेळाडू होत.

बालपण व जडणघडण

पोर्तो रिको हे कॅरिबियन समुद्रातील बेट १८९८ पासून अमेरिकेच्या ताब्यात आहे. तेथील रहिवाशांना १९१७ मध्ये अमेरिकेचे नागरिकत्व मिळाले. तथापि बेटाची भाषा व संस्कृती प्रामुख्याने स्पॅनिश राहिली, आणि आंतरराष्ट्रीय क्रीडास्पर्धांत पोर्तो रिको आपला स्वतंत्र संघ उतरवीत आला आहे. क्लेमेंते यांच्या जीवनातील अनेक प्रसंगांचा अर्थ या दुहेरी स्थितीच्या संदर्भातच उलगडतो.

क्लेमेंते यांचा जन्म करोलिना येथील सान अंतोन या वस्तीत झाला. वडील मेल्चोर क्लेमेंते हे उसाच्या मळ्यांत मुकादम होते आणि आई लुईसा वॉकर या घर सांभाळून इतरही कष्टाची कामे करीत. सात भावंडांत रोबेर्तो धाकटे होते. शालेय वयात ते भालाफेकीत निपुण होते. पुढे उजव्या क्षेत्राच्या टोकावरून थेट तळापर्यंत चेंडू फेकण्याची जी त्यांची ताकद प्रसिद्ध झाली, तिचा पाया या भालाफेकीत घातला गेला, असे मानले जाते. रोबेर्तो मारिन या शिक्षकांनी त्यांचे कसब प्रथम हेरले आणि त्यांना सॉफ्टबॉलच्या संघात घेतले. त्यानंतर ते हुंकोस गावच्या हौशी संघातून खेळू लागले.

१९५२ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, सान हुआनमधील सांतुर्से क्रॅबर्स या संघाने त्यांच्याशी करार केला. पोर्तो रिकोची व्यावसायिक लीग हिवाळ्यात खेळली जाई आणि अमेरिकेतील नामवंत खेळाडूही तिच्यात भाग घेत. १९५४-५५ च्या हिवाळ्यात विली मेज आणि क्लेमेंते हे दोघेही सांतुर्सेच्या मैदानी फळीत होते. त्या संघाने पोर्तो रिकोचे विजेतेपद मिळविले आणि त्यानंतर व्हेनेझुएलातील काराकास येथे झालेली कॅरिबियन मालिकाही जिंकली. निरनिराळ्या देशांचे विजेते संघ या मालिकेत परस्परांशी खेळतात.

अमेरिकेतील पदार्पण

१९५४ च्या प्रारंभी ब्रुकलिन डॉजर्स संघाने क्लेमेंते यांना १०,००० डॉलर बोनस देऊन करारबद्ध केले आणि कॅनडातील मॉन्ट्रियल रॉयल्स या आपल्या दुय्यम संघात पाठविले. त्या काळच्या नियमानुसार ४,००० डॉलरांहून अधिक बोनस घेतलेला खेळाडू मुख्य संघात न ठेवल्यास हंगामाअखेर इतर संघांना त्याची निवड करता येत असे. मॉन्ट्रियलमध्ये त्यांना खेळण्याची संधी फारशी मिळाली नाही. तरीही पायरेट्सच्या निरीक्षकांच्या नजरेतून ते सुटले नाहीत. नोव्हेंबर १९५४ मध्ये पायरेट्सने ४,००० डॉलर मोजून निवडीच्या पहिल्याच फेरीत त्यांना आपल्याकडे घेतले. त्याच हिवाळ्यात पोर्तो रिकोत झालेल्या मोटार अपघातात त्यांच्या पाठीच्या कण्याला इजा झाली. ही पाठदुखी त्यांना जन्मभर सोबत करीत राहिली.

१७ एप्रिल १९५५ रोजी त्यांनी मेजर लीगमध्ये पहिला सामना खेळला. प्रतिस्पर्धी होता त्यांना गमावून बसलेला ब्रुकलिन डॉजर्स. त्या काळी पायरेट्स हा गुणतक्त्याच्या तळाशी असलेला संघ होता. पुढील पाच वर्षांत तो हळूहळू सावरला आणि १९६० मध्ये त्याने वर्ल्ड सिरीजमध्ये न्यूयॉर्क यांकीज या बलाढ्य संघाचा सात सामन्यांच्या मालिकेत पराभव केला. १९२५ नंतरचे हे पायरेट्सचे पहिलेच विजेतेपद होते. क्लेमेंते यांनी सातही सामन्यांत किमान एक हिट नोंदविला. (फलंदाजाने टोलविलेल्या चेंडूवर तो सुरक्षितपणे तळ गाठू शकला, तर त्यास हिट म्हणतात.) तरीही त्या वर्षीच्या सर्वोत्तम खेळाडूच्या मतदानात त्यांना आठवे स्थान मिळाले. ही उपेक्षा त्यांच्या मनाला लागली.

फलंदाज व क्षेत्ररक्षक

१९६० च्या दशकात क्लेमेंते यांचा खेळ ऐन बहरात होता. नॅशनल लीगमधील सर्वाधिक फलंदाजी सरासरीचा मान त्यांनी चार वेळा मिळविला: १९६१ (०.३५१), १९६४ (०.३३९), १९६५ (०.३२९) आणि १९६७ (०.३५७). बेसबॉलमधील सरासरी म्हणजे फलंदाजीच्या संधींशी हिटचे असलेले प्रमाण होय. दहापैकी तीन संधींत हिट मिळविणारा फलंदाज तेथे उत्तम गणला जातो. १९६६ मध्ये ते नॅशनल लीगचे सर्वोत्तम खेळाडू ठरले. क्षेत्ररक्षणासाठी दिला जाणारा गोल्ड ग्लव्ह पुरस्कार त्यांनी १९६१ ते १९७२ या काळात सलग १२ वेळा पटकावला.

आखूड व बचावात्मक फटक्यांपेक्षा ते वाईट चेंडूंवरही मोकळेपणाने बॅट चालवीत. धावताना त्यांची टोपी उडून जाई, आणि घसरत जाऊन झेल घेत ते लगेच उठून चेंडू फेकीत. उजव्या क्षेत्रात चेंडू गेला असता दुसऱ्या तळावरील धावपटू पुढे पळण्यास धजत नसत. नॅशनल लीगमधील मैदानी क्षेत्ररक्षकांत फेकीने खेळाडू बाद करण्याच्या बाबतीत ते पाच हंगामांत अव्वल राहिले.

नाव, भाषा आणि वर्ण

क्लेमेंते यांना अमेरिकेत दोन प्रकारच्या परकेपणाला तोंड द्यावे लागले. ते कृष्णवर्णीय होते आणि त्यांची मातृभाषा स्पॅनिश होती. फ्लोरिडातील वसंतकालीन सराव शिबिरांच्या काळात तेथे वर्णभेदाचे कायदे लागू होते. गोऱ्या खेळाडूंच्या हॉटेलांत कृष्णवर्णीय खेळाडूंना प्रवेश नसे, आणि प्रवासात वाटेत संघ जेवणासाठी थांबला की त्यांना बसमध्येच ताटकळावे लागे. हा अपमान क्लेमेंते यांनी निमूटपणे सोसला नाही. कृष्णवर्णीय खेळाडूंसाठी स्वतंत्र वाहनाची मागणी त्यांनी संघव्यवस्थापनाकडे लावून धरली.

वार्ताहर त्यांचे इंग्रजी बोलणे सदोष उच्चारांसह जसेच्या तसे छापून त्यांची थट्टा करीत. ते दुखण्याविषयी बोलत तेव्हा त्यांना सोंगाड्या ठरविले जाई. समालोचक आणि खेळाडूंची चित्रपत्रे छापणाऱ्या कंपन्या त्यांचे नाव अनेक वर्षे बॉब क्लेमेंते असे लिहीत व उच्चारीत. आपले नाव रोबेर्तो आहे, हे ते वारंवार सांगत राहिले. नावाचा हा आग्रह वरकरणी किरकोळ वाटला, तरी बेटावरून येणाऱ्या पुढच्या खेळाडूंना आपली ओळख पुसून टाकावी लागू नये, ही भूमिका त्यामागे होती.

एप्रिल १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. त्यांच्या अंत्यविधीपूर्वी हंगामाचा पहिला सामना खेळण्यास पायरेट्सच्या कृष्णवर्णीय खेळाडूंनी नकार दिला व गोऱ्या सहकाऱ्यांनी त्यांना साथ दिली. या निर्णयात क्लेमेंते यांचा पुढाकार होता. सामना पुढे ढकलावा लागला. १ सप्टेंबर १९७१ रोजी मेजर लीगच्या इतिहासात प्रथमच केवळ कृष्णवर्णीय व लॅटिन खेळाडूंचा संघ सामन्याच्या प्रारंभी मैदानात उतरला. तो संघ पायरेट्सचा होता आणि क्लेमेंते त्यात होते.

१४ नोव्हेंबर १९६४ रोजी करोलिना येथे त्यांचा विवाह व्हेरा सबाला यांच्याशी झाला. या दांपत्याला तीन पुत्र झाले. अमेरिकेतील हंगाम संपताच क्लेमेंते बेटावर परतत आणि बहुतेक हिवाळ्यांत स्थानिक लीगमध्ये खेळत. १९७०-७१ मध्ये ते सान हुआन सेनेटर्स संघाचे प्रशिक्षकही होते. गरीब मुलांना सर्व खेळांचे शिक्षण एकाच ठिकाणी मिळावे यासाठी करोलिनात क्रीडानगरी उभारण्याचा त्यांचा संकल्प होता.

१९७१ ची वर्ल्ड सिरीज आणि तीन हजारावा हिट

१९७१ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये पायरेट्सची गाठ बाल्टिमोर ओरिओल्सशी पडली. पहिले दोन सामने गमावल्यानंतर पायरेट्सने मालिका ४-३ अशी जिंकली. सदतीस वर्षांच्या क्लेमेंते यांनी २९ संधींत १२ हिट व दोन होम रन अशी कामगिरी केली आणि १९६० प्रमाणेच सातही सामन्यांत हिट नोंदविला. निर्णायक सातवा सामना पायरेट्सने २-१ असा जिंकला. त्यातील पहिली धाव क्लेमेंते यांच्या होम रनची होती. मालिकेचे सर्वोत्तम खेळाडू म्हणून दूरचित्रवाणीवर मुलाखत देताना त्यांनी इंग्रजीत उत्तर देण्यापूर्वी स्पॅनिशमध्ये आपल्या आईवडिलांचे आशीर्वाद मागितले. सारी अमेरिका पाहत असलेल्या कार्यक्रमात स्पॅनिश शब्द असे सहज उच्चारले जाणे, ही लॅटिन अमेरिकेतील प्रेक्षकांच्या दृष्टीने विलक्षण घटना होती.

३० सप्टेंबर १९७२ रोजी पिट्सबर्ग येथे न्यूयॉर्क मेट्सविरुद्ध दुहेरी फटका मारून त्यांनी ३,००० हिटचा टप्पा गाठला. तेव्हापर्यंत मेजर लीगमधील केवळ दहा खेळाडूंना तो गाठता आला होता. नियमित हंगामातील त्यांचा हाच अखेरचा हिट ठरला. त्यांची कारकिर्दीतील सरासरी ०.३१७ असून होम रनची संख्या २४० आहे.

१९७२ ची हौशी जागतिक मालिका

बेसबॉलमधील राष्ट्रीय संघांची सर्वांत जुनी जागतिक स्पर्धा १९३८ मध्ये ब्रिटन व अमेरिका या दोनच संघांनिशी सुरू झाली. प्रदीर्घ काळ ती हौशी जागतिक मालिका या नावाने ओळखली जाई. पुढे तिला बेसबॉल विश्वचषक म्हणू लागले. या स्पर्धेचे केंद्र लवकरच कॅरिबियन परिसराकडे सरकले आणि क्यूबाने तिच्यावर वर्चस्व प्रस्थापित केले. पोर्तो रिकोने १९५१ मध्ये ती जिंकली होती. व्यावसायिक खेळाडूंना स्पर्धेत प्रवेश नव्हता. त्यामुळे बेटाचा सर्वांत थोर खेळाडू असूनही क्लेमेंते यांना ऐन उमेदीच्या काळात या स्पर्धेत पोर्तो रिकोकडून खेळता आले नाही. राष्ट्रीय संघाशी त्यांचा संबंध आला तो प्रशिक्षक या नात्याने.

विसावी मालिका नोव्हेंबर-डिसेंबर १९७२ मध्ये निकाराग्वात झाली. तीत १६ देशांचे संघ सहभागी झाले आणि प्रत्येक संघ इतर सर्व संघांशी एकेकदा खेळला. पोर्तो रिकोच्या हौशी बेसबॉल महासंघाच्या विनंतीवरून क्लेमेंते यांनी संघाची धुरा स्वीकारली. ३,००० हिटचा मानकरी नवख्या तरुणांसोबत आल्याचे पाहून निकाराग्वातील प्रेक्षकांना अप्रूप वाटले. निकाराग्वात बेसबॉल हा लोकांचा लाडका खेळ आहे. पूर्वीही ते हिवाळी बेसबॉलच्या निमित्ताने त्या देशात येऊन गेले होते.

प्रशिक्षक म्हणून क्लेमेंते यांना स्पर्धेत यश लाभले नाही. क्यूबाने विजेतेपद राखले, अमेरिका दुसऱ्या आणि यजमान निकाराग्वा तिसऱ्या क्रमांकावर राहिला. निकाराग्वाने क्यूबावर मिळविलेला विजय त्या देशाच्या क्रीडास्मृतीत अजूनही अढळ आहे. पोर्तो रिकोला पदक मिळाले नाही. व्यावसायिक खेळाडूंकडून अपेक्षित असलेली अचूकता हौशी तरुणांच्या खेळात न दिसल्यास क्लेमेंते अस्वस्थ होत.

मात्र या मुक्कामात त्यांचे मानाग्वाशी ऋणानुबंध जुळले. सामन्यांच्या मधल्या वेळेत ते शहरात पायी हिंडत, सामान्य लोकांशी गप्पा मारीत, आणि खिशात नाणी घेऊन निघून ती गरजूंना देत. रुग्णालयात त्यांची भेट एका अपंग मुलाशी झाली. त्याच्या कृत्रिम पायांसाठी पैसे उभे करण्याचे त्यांनी मनावर घेतले. सान अंतोनच्या उसाच्या मळ्यांत त्यांनी पाहिलेले जग आणि मानाग्वाच्या गल्ल्यांतले जग फारसे वेगळे नव्हते.

मानाग्वाचा भूकंप आणि मदतकार्य

२३ डिसेंबर १९७२ रोजी मध्यरात्रीनंतर मानाग्वाला भूकंपाचा तीव्र धक्का बसला. शहराचा मध्यभाग जमीनदोस्त झाला, हजारो लोक मृत्युमुखी पडले आणि लाखो बेघर झाले. ज्या लोकांत तीन आठवड्यांपूर्वी आपण वावरत होतो त्यांची ही अवस्था ऐकून क्लेमेंते यांनी तत्काळ मदतकार्य हाती घेतले. गायिका रुथ फर्नांदेस आणि दूरचित्रवाणी कलावंत लुईस व्हिगोरो यांच्यासह ते मदत समितीत होते. सान हुआनच्या हिराम बिथॉर्न स्टेडियममध्ये अन्न, कपडे व औषधे गोळा होऊ लागली. नाताळच्या सणात क्लेमेंते यांनी दिवसाचे बहुतेक तास तेथेच घालविले, घरोघरी जाऊन देणग्याही मागितल्या.

प्रारंभी पाठविलेली मदत विमानांनी पोहोचली. परंतु ती गरजूंच्या हाती पडत नसल्याच्या बातम्या येऊ लागल्या. निकाराग्वावर तेव्हा अनास्तासियो सोमोसा देबाइले यांची हुकूमत होती आणि त्यांचे सैनिक विमानतळावरच सामग्री ताब्यात घेत असल्याच्या तक्रारी होत्या. आपण स्वतः सोबत गेलो तर सामग्री वळविण्याचे धाडस कोणी करणार नाही, असे क्लेमेंते यांना वाटले, आणि पुढील विमानाने जाण्याचे त्यांनी ठरविले.

अखेरचे उड्डाण

भाड्याने घेतलेले डीसी-७ जातीचे मालवाहू विमान जुने होते. त्याच महिन्यात धावपट्टीवरून सरकताना त्याला अपघात होऊन त्याचे पंखे नादुरुस्त झाले होते. ३१ डिसेंबर रोजी अनेक वेळा विलंब झाल्यानंतर रात्री ९ वाजून २० मिनिटांच्या सुमारास विमानाने सान हुआनच्या विमानतळावरून उड्डाण केले. काही क्षणांतच इंजिनात बिघाड झाला आणि विमान किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर समुद्रात कोसळले. क्लेमेंते यांच्यासह पाचही जणांचा मृत्यू झाला. विमानात मर्यादेपेक्षा सुमारे १,९०० किलो अधिक भार होता आणि वैमानिकाच्या साथीला पुरेसे प्रशिक्षित कर्मचारी नव्हते, असे चौकशीत निष्पन्न झाले.

नववर्षाच्या स्वागताची तयारी चालू असलेल्या बेटावर शोककळा पसरली. पुढील कित्येक दिवस हजारो लोक किनाऱ्यावर उभे होते. पायरेट्समधील त्यांचे सहकारी व स्नेही मॅनी सांगियेन यांनी स्मृतिसभेला न जाता शोधपथकासोबत समुद्रात बुड्या मारल्या. क्लेमेंते यांचा मृतदेह मिळाला नाही.

मृतांच्या कुटुंबीयांनी पुढे अमेरिकन सरकारविरुद्ध दावा दाखल केला. हवाई वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या यंत्रणेने असुरक्षित विमानाबाबत प्रवाशांना सावध करावयास हवे होते, असे त्यांचे म्हणणे होते. पोर्तो रिकोतील न्यायालयाने कुटुंबीयांच्या बाजूने निकाल दिला. तथापि १९७७ मध्ये अपील न्यायालयाने तो फिरविला. प्रवाशांना असा इशारा देण्याचे कायदेशीर बंधन सरकारवर नव्हते, असे या न्यायालयाचे मत पडले.

सन्मान

निवृत्तीनंतर पाच वर्षे लोटल्याखेरीज हॉल ऑफ फेममध्ये प्रवेश न देण्याचा नियम क्लेमेंते यांच्यासाठी शिथिल करण्यात आला. मार्च १९७३ मध्ये झालेल्या विशेष मतदानात ४२४ पैकी ३९३ मते त्यांच्या बाजूने पडली. पायरेट्सने त्यांचा २१ हा क्रमांक कायमचा निवृत्त केला. समाजकार्याचा आदर्श घालून देणाऱ्या खेळाडूला मेजर लीगतर्फे दरवर्षी दिल्या जाणाऱ्या पुरस्कारास १९७३ मध्ये क्लेमेंते यांचे नाव देण्यात आले. २००३ मध्ये त्यांना प्रेसिडेन्शिअल मेडल ऑफ फ्रीडम हा अमेरिकेचा सर्वोच्च नागरी सन्मान मरणोत्तर देण्यात आला.

हॉल ऑफ फेममधील स्मृतिफलकावर त्यांचे नाव प्रथम रोबेर्तो वॉकर क्लेमेंते असे कोरले गेले होते. स्पॅनिश प्रथेनुसार वडिलांचे कुलनाम आधी व आईचे नंतर येते. ही चूक २००० मध्ये नवा फलक बसवून दुरुस्त करण्यात आली.

वारसा

क्लेमेंते यांच्या संकल्पातील क्रीडानगरी त्यांच्या मृत्यूनंतर करोलिना येथे ३०४ एकर जागेवर उभी राहिली. व्हेरा क्लेमेंते यांनी २०१९ मध्ये झालेल्या मृत्यूपर्यंत पतीचे कार्य पुढे चालविण्यासाठी परिश्रम घेतले. पिट्सबर्गमध्ये नदीवरील एका पुलाला क्लेमेंते यांचे नाव असून पायरेट्सच्या नव्या मैदानात उजव्या क्षेत्राची भिंत त्यांच्या क्रमांकानुसार २१ फूट उंच बांधलेली आहे. पोर्तो रिकोची व्यावसायिक लीगही आता त्यांच्याच नावाने ओळखली जाते. ज्या निकाराग्वात ते त्या अखेरच्या उड्डाणानंतर पोहोचू शकले नाहीत, तेथील मासाया शहरातील बेसबॉल मैदानालाही त्यांचे नाव दिलेले आहे.

व्यावसायिक खेळाडूंना आपापल्या देशाकडून खेळता यावे यासाठी २००६ मध्ये वर्ल्ड बेसबॉल क्लासिक ही स्पर्धा सुरू झाली. तिच्या पहिल्या वर्षातील काही सामने हिराम बिथॉर्न स्टेडियममध्ये झाले. १९७२ च्या नाताळात मानाग्वासाठी मदत गोळा झाली ते हेच मैदान. पोर्तो रिकोने या स्पर्धेत २०१३ आणि २०१७ मध्ये अंतिम फेरी गाठली. मेजर लीगमध्ये खेळणाऱ्या तारांकित खेळाडूंना स्वदेशाचा गणवेश घालून मैदानात उतरण्याची जी संधी क्लेमेंते यांना लाभली नाही, ती त्यांच्या नंतरच्या पिढ्यांना अशा रीतीने मिळाली.